सुरुवातीची गाठ

विहिरी तळाला गेल्या आणि विजेचा दाब उतरला की मोटरी जळतात, आणि मोटरी जळल्या की आमच्या घरात चूल पेटते. दुसऱ्याच्या जळण्यावर आपलं शिजावं हे काही चांगलं नाही, पण धंदाच तसा, त्याला मी काय करू? त्या उन्हाळ्यात तर दारासमोर मोटरींची रांग लागली होती. मेलेली जनावरं टाकावीत तशा त्या पडलेल्या असायच्या आणि जळक्या वार्निशचा वास कपड्यांतून, केसांतून, पोळीच्या पिठातूनसुद्धा जायचा नाही.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि खुर्चीत आमचे मिस्त्री. मागे पोत्याचा पडदा. पडद्याच्या मागे मी. माझ्या पाठीशी चूल आणि पुढ्यात मोटर, म्हणजे पाठ भाजायला एक आणि डोळे फोडायला एक.

मोटर भरणं हे काम लांबून सोपं वाटतं. जळलेली तार उपसायची, खाचा खरवडायच्या, त्यांत कागद घालायचा, नव्या तारेच्या कॉइल गुंडाळायच्या आणि एकेक वेढा खाचेत बसवायचा. एखाद्या तारेला ओरखडा गेला तर सगळी मेहनत पाण्यात. माझ्या दोन्ही आंगठ्यांची कातडी एवढी जाड झाली होती की तव्यावरची पोळी मी हातानं उलटायची आणि मला काही कळायचं नाही.

हे काम मूळचं यांचं. लग्न करून आले तेव्हा यांची बोटं तारेवर अशी चालायची की बघत राहावं. चार वर्षांपूर्वी मोटरीतला लोखंडी गाभा उजव्या हातावर पडला. हात वाचला, पण तीन बोटं वाकेनात. पहिले तीन महिने हे माझ्या शेजारी बसून सांगायचे आणि मी करायची. मग सांगणं कमी झालं. मग बंदच झालं, कारण सांगण्यासारखं काही उरलं नाही.

गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नव्हतं. हे टेबलाखाली हात ठेवून बसायचे आणि म्हणायचे, "ठेवा. परवा या." परवा माणूस आला की मी भरलेली मोटर पुढे असायची. हे डाव्या हातात पाना धरून तिचे दोन नट उगाच आवळायचे, जणू आत्ताच काम संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ मिटतच नव्हती, पण झाकलेली मात्र होती. मीही कधी बोलले नाही. नवऱ्याचा हात गेला हे गावभर सांगून मला काय मिळणार होतं?

मध्ये एकदा एक मुलगी कागद घेऊन आली होती. कोणत्या घरात कोण काय काम करतं ते लिहून घेत होती. सासूबाई दारात बसल्या होत्या. यांच्या नावापुढे तिनं मोटर दुरुस्ती लिहिलं. माझं विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ती काही करत नाही, घरीच असते." मी तेव्हा पडद्याआड गुडघ्यांत मोटर धरून, दातांत कॉइल बांधायचा दोरा धरून बसले होते. तोंडात दोरा होता म्हणून बोलले नाही, असं मी मनाला सांगितलं. खरं तर दोरा नसता तरी बोलले नसते. दमलेल्या माणसात भांडायचंही त्राण उरत नाही.

तर त्या उन्हाळ्यात गावाच्या पिण्याच्या विहिरीवरची मोठी मोटर जळली. पाणी समितीचे अध्यक्ष स्वतः आले. सगळे नळ कोरडे पडलेले, बायका चार शेतं ओलांडून पाणी आणत होत्या. अध्यक्ष म्हणाले, दोन दिवसांत भरून द्या, आणि ही नीट चालली तर समितीच्या सहाही पंपांचं वर्षभराचं काम तुमच्याकडेच राहील.

वर्षभराचं काम म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. उन्हाळा सरला की मोटरी जळत नाहीत. मग हे दिवसभर खुर्चीत बसून कुढतात आणि मी लोकांच्या शेतांत निंदायला जाते. आदल्या पावसाळ्यात तर यांनी सांगूनच टाकलं होतं, की यंदाही असंच गेलं तर दुकान धाकट्या भावाला देऊन टाकतो. भावाला पाना उलटा की सुलटा ते कळत नाही, पण तो भाऊ आहे. मी एवढ्या वर्षांत शिकले त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. समितीचं ते काम आपल्याकडे यावं म्हणून मी आतून नुसती तळमळत होते.

दोन दिवस मी त्या मोटरीवरून उठले नाही. म्हणजे उठले, पण स्वयंपाकाला, भांड्यांना आणि सासूबाईंच्या पायांना तेल लावायला, आणि ते उठणं कुणी धरत नाही. वेढे मोजताना मध्ये बोलायचं नसतं. यांच्या काळात घरात कुणी शिंकलं तरी हे ओरडायचे, "मोजतोय ना!" माझ्या वेळी सगळे बोलतात. मीठ कुठंय, माझा सदरा कुठंय, चहा टाक. म्हणून मी माझी युक्ती काढली. दहा वेढे झाले की आगपेटीतली एक काडी उजवीकडून डावीकडे. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं आणि काड्या बघून पुढे जायचं. चौदा वर्षांची लेक शाळेतून आली की समोर बसून कागद कापून द्यायची. तिला मी म्हणायची, अभ्यास कर. ती म्हणायची, हाच करतेय.

मोटर भरून झाली. मोठ्या मोटरीची सहा टोकं बाहेर निघतात. तीन कॉइलींची तीन सुरुवातीची, तीन शेवटची. ती एका पट्टीवर जोडायची असतात. पण जुनी पट्टी वितळून गेली होती आणि नवी टाकीवाला शहरातून आणून परस्पर विहिरीवर येणार होता. टाकीवाला म्हणजे नळाला पाणी सोडणारा माणूस. म्हणून टोकं मोकळी ठेवावी लागली. कोणतं कोणाच्या जोडीचं ते विजेचा दिवा जोडून बघितलं की कळतं. पण त्या जोडीत सुरुवात कोणती आणि शेवट कोणता हे दिवा सांगत नाही. ते भरणाऱ्यालाच माहीत असतं, आणि एक जोडी जरी उलटी लागली तरी मोटर फिरत नाही, जळते. मी शिवणकाम करत मोठी झाले. शिवताना गाठ आधी मारतात आणि मग टाका घालतात. तशीच माझी सवय होती. तिन्ही सुरुवातींना मी लाल दोऱ्याची गाठ मारली होती.

लहान मोटरींची टोकं मी घरातच जोडून टाकायची, त्यामुळे हा विषय कधी निघालाच नव्हता. सकाळी मोटर गाडीवर चढवताना मी यांना म्हणाले, "गाठ म्हणजे सुरुवात, बरं का. आधी जोडा, गाठ मग कापा."

"तू आता मला शिकवणार?" हे म्हणाले.

मी मोटरीशेजारी गाडीत चढले.

विहिरीवर हे एवढे लोक. अध्यक्ष, समितीतले चौघे, टाकीवाला, आणि रिकामे हंडे घेऊन आलेल्या बायका. मी बायकांत उभी राहिले. माझ्यापासून पंपाची खोली दहा पावलांवर होती आणि दार उघडं होतं. मोटर बसवली. जोडायचं काम यांचंच, कारण मिस्त्री तेच. हे उकिडवे बसले. घाम गळत होता. टाकीवाला मदतीला वाकला तर त्याला यांनी हटवलं. डाव्या हातात कात्री, उजव्या हाताच्या दोन बोटांत तार. टोकं सोलायला गाठी आड येत होत्या. यांनी पहिली गाठ कापली, दुसरी कापली, तिसरी कापली. मग पट्टीवर जोडायला लागले. पहिली जोडी लागली, दुसरी लागली. तिसऱ्या जोडीपाशी यांचा हात थांबला.

मला लांबूनही कळलं. दोन्ही तारा सारख्या दिसत होत्या आणि यांना आठवत नव्हतं. यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. दहा पावलं होती फक्त. मी मान हलवणार, काही खूण करणार, तोवर अध्यक्ष म्हणाले, "काय मिस्त्री, झालं का?"

"झालंच," हे म्हणाले, आणि खाली बघून नट आवळला.

विजेचा दाब कमी असला की स्टार्टर सारखा पडतो आणि वीज तोडतो, म्हणून तो पडूच नये असं बघून टाकीवाल्यानं त्याच्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवली होती. सगळे तसंच करतात. त्यानं वीज दिली. मोटर फिरली नाही, नुसती गुरगुरली. मी ओरडले, "बंद करा!" बायकांत एक बाई ओरडली, एवढंच लोकांना ऐकू आलं. टाकीवाला पाचर उपटतोय तोवर धूर निघाला. तो वास आला. दोन दिवस आणि दोन रात्री त्या वासात गेल्या.

अध्यक्षांनी विचारलं, "हे काय झालं, मिस्त्री?"

हे उठले, उजवा हात खिशात घातला आणि म्हणाले, "हिनं भरली होती."

चार वर्षांत पहिल्यांदा यांनी माझं नाव कामाशी जोडलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. समितीतला एक जण हसला आणि म्हणाला, "असं होय! म्हणजे बायकोच्या हाती दुकान देऊन तुम्ही मोकळे." बायकासुद्धा माझ्यापासून थोड्या सरकल्या. त्यांचे हंडे रिकामे होते, त्यांना तरी काय बोल लावू? मला रडू आलं नाही, पण कानशिलं अशी तापली की उन्हाचं काही वाटेना.

अध्यक्ष म्हणाले, शहरातल्या माणसाला बोलवा. टाकीवाल्यानं तिथूनच फोन लावला. शहरातला म्हणाला, सहा दिवस हात रिकामा नाही. सहा दिवस म्हटल्यावर बायकांत गलका झाला. मी पुढे झाले आणि म्हणाले, "दोन दिवस द्या. मी देते भरून."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं नाही. यांना विचारलं, "दोन दिवसांत होईल का, मिस्त्री?"

यांनी मान हलवून हो म्हटलं.

मोटर परत गाडीवर चढत होती तेव्हा मी पंपाच्या खोलीत गेले. जमिनीवर लाल दोऱ्याच्या तीन गाठी पडल्या होत्या. त्या उचलून मी मुठीत धरल्या.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. सासूबाई म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या मुलाचं नाव घालवलंस." नाचता कुणाला येत नाही हे माझ्या जिभेवर आलं होतं. म्हाताऱ्या बाईला तिच्या मुलाबद्दल काय सांगायचं? मी पाणी प्यायले आणि जळलेली तार उपसायला बसले. नवी कोरी तार होती ती, परवाच घातलेली. आपणच विणलेलं आपणच उसवावं असं ते काम. दुपारी हे आत आले. पडद्याला धरून उभे राहिले. म्हणाले, "हा उन्हाळा गेला की दुकान भावाला देऊन टाकू. झालं एवढं हसं पुरे."

मी मूठ उघडून तिन्ही गाठी मोटरीवर ठेवल्या.

"या आधीच का कापल्या?"

"मध्ये येत होत्या."

"मग मला विचारायचं होतं. मी तिथेच उभी होते."

हे उजव्या हाताची न वाकणारी बोटं डाव्या हातानं दाबत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "एवढ्या लोकांत?"

मला या माणसाचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच वेळी त्या बोटांकडे बघून जीव तुटला. दोन्ही एकदम झालं. राग आणि कीव एकाच ताटात वाढली की धड काहीच खाता येत नाही. "जा, पुढे बसा," मी म्हणाले, "मला मोजायचंय."

ते गेले. त्या दोन दिवसांत मात्र एक झालं. कुणी मला मीठ कुठंय म्हणून विचारलं नाही. चहा लेकीनं टाकला. पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी हाक मारली, "अगं ए," आणि पुढून यांचा आवाज आला, "मोजतेय ना ती." काड्या सरकवायची गरज पडली नाही, तरी सवयीनं मी सरकवत होते. कंबर धरली होती, डोळ्यांपुढे तारा नाचत होत्या. दुसऱ्या दिवशी वार्निश पाजून ते वाळायला मोटरीत मोठा दिवा सोडला आणि तिथेच भिंतीला टेकले, तर लेकीनं डोक्याखाली पोतं सरकवलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच लोक, तेच हंडे. यावेळी मी बायकांत थांबले नाही. गाडीतून उतरले ती सरळ पंपाच्या खोलीत गेले. समितीतला तो हसणारा म्हणाला, "अहो, मिस्त्रींना करू द्या." हे दारात उभे होते. आत आले नाहीत, आणि त्या माणसाला काही बोललेही नाहीत. नुसते दारातून बाजूला झाले, म्हणजे उजेड आत येईल असे. मी सहा टोकं जोडली, मगच गाठी कापल्या. टाकीवाल्याला आधी ती पाचर काढायला लावली. त्यानं कुरकुर केली, पण काढली.

मोटर फिरली. आवाज ऐकताच मला कळलं की ती बरोबर आहे. भरणाऱ्याला कान असतात. पाइप थरथरला, आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. बायका हंडे घेऊन धावल्या. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला, कुणाचा ते बघायला वेळ नव्हता, तीही हंडा लावायला पळाली.

अध्यक्ष खूश झाले. यांना म्हणाले, "चांगलं शिकवलंत हो बायकोला. तुम्ही मागे होतात म्हणून जमलं."

माझ्या हाताला वार्निश होतं. गप्प बसायची सवय इतकी जुनी की तिच्यातच सुख वाटतं. पण त्या दिवशी तोंडात दोरा नव्हता.

"परवा जळली तेव्हा मी भरली होती," मी म्हणाले, "मग आज चालली तीही मीच भरली."

अध्यक्षांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी यांच्याकडे बघितलं. हे पाण्याकडे बघत होते. मग अध्यक्ष म्हणाले, बरं बरं, कुणी का भरेना, पाणी आलं हे महत्त्वाचं. वर्षभराच्या कामाचा कागद त्यांनी तिथेच पंपावर ठेवून लिहिला. त्यावर नाव यांचं. मी विचारलं, तर म्हणाले, "दुकान त्यांच्या नावावर आहे ना? मग झालं तर." यांनी डाव्या हातानं सही केली. म्हणजे काम मिळालं. मी ज्यासाठी तळमळत होते ते मिळालं, आणि आनंद असा झाला की घरी येऊन न जेवता झोपले.

भावाला दुकान द्यायचं पुन्हा निघालं नाही. मीही काढलं नाही.

आठएक दिवस असेच गेले. गिऱ्हाईक कमी झालं होतं. बाईच्या हातची मोटर म्हणून दोघं-तिघं दारावरूनच शहराकडे वळले. एका दुपारी एक मळेवाला आला. थोराड माणूस, खांद्यावर जळलेली मोटर, घामानं निथळत होता. पायरीवरूनच म्हणाला, "मिस्त्री, उद्या द्याल का? पीक जळून चाललंय."

मी आत पोळ्या लाटत होते. आता 'ठेवा, परवा या' ऐकू येणार म्हणून लाटतच राहिले. पण पुढून काही ऐकूच येईना. मग खुर्ची सरकली.

"मी भरत नाही," हे म्हणाले. "माझा हात गेलाय. चार वर्षं झाली." आणि मग, "आत आहे ती. तिला विचारा."

यांनी पोत्याचा पडदा बाजूला करून खिळ्याला अडकवला आणि चपला घालून बाहेर पडले. कुठे निघाले ते सांगितलं नाही. चार वर्षांनी त्या खोलीत माझ्यापर्यंत उजेड आला आणि त्यात मला माझ्याच हातांवरचं पीठ दिसलं. वर पुन्हा, पुढे बसायचं कामही आता माझ्याच गळ्यात पडलं, हेही त्याच क्षणी लक्षात आलं.

मळेवाला तसाच उभा. खांद्यावर मोटर. त्यानं रस्त्याकडे बघितलं. शहर लांब, ऊन डोक्यावर. मग माझ्याकडे बघितलं, पिठाच्या हातांकडे बघितलं. त्याला जायचं असतं तर मी अडवणार नव्हते, एवढी ताकदच नव्हती.

मोटर जड होती म्हणून असेल, पण त्यानं ती माझ्यासमोर उतरवली.

तव्यावरची पोळी करपायला आली होती, ती मी हातानं उलटली.

"परवा या," मी म्हणाले.